मोहघाटचं दुपारचं नाटक

न्खोताकोता, मालावी
८ सप्टेंबर २००२

भाऊ,

तुला आणि वहिनीला वाकून नमस्कार. यंदा वैनगंगेला पूर आला नाही आणि मासळीही कमी आहे, हे तुझ्या पत्रात वाचून वाईट वाटलं. मी बरी आहे. इथे नर्स म्हणून येऊन तीन वर्षं झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तुझ्याकडे काही मागते आहे. जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस.

माझ्या दवाखान्याला लागून अनाथ लेकरांचं एक घर आहे. एस्नात नावाची बाई ते चालवते. पन्नाशीची विधवा, आणि आवाज असा, की इथल्या मोठ्या सरोवराच्या पलीकडून ऐकू यावा. एड्सनं आईबाप गेलेली चाळीसेक लेकरं तिच्याजवळ आहेत. इथे आईला 'अमाई' म्हणतात. लहानमोठे सगळे तिला अमाईच म्हणतात. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला आपली 'माय' ऐकू आली आणि परक्या मुलखाची माझी भीती त्याच दिवशी अर्धी झाली.

हे घर एका नावेवर चालत होतं. अमाईचा नवरा मासेमार होता. तो गेल्यावर तिचा भाऊ ती नाव सरोवरात नेऊ लागला. निम्मे मासे लेकरांच्या ताटात, निम्मे बाजारात, आणि त्या पैशांतून मका. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा हेच इथलं जेवण. गेल्या महिन्यात दक्षिणेचं वारं सुटलं आणि नाव खडकावर आपटून फुटली. माणसं पोहून आली. नाव गेली. त्यात गेल्या हंगामात मका पिकलाच नाही. लेकरं आता एक वेळ जेवतात. मला इथे पाठवणारी संस्था फक्त औषधं देते, आणि माझ्या पगारातून मका येतो, नाव येत नाही.

आपण ढिवर, मासे धरणारे. डोंगा फुटला म्हणजे घरात काय होतं, हे मी तुला सांगायला नको.

दरवर्षी मंडईच्या जत्रेला आपल्या गावात वडशाची नाटक कंपनी येते आणि तिकिटांचा पैसा गावाच्या कामी लागतो. यंदा त्यातला थोडा इकडे देता येईल का? सभेत विचारून पाहा. डिसेंबरात रजा मिळाली तर मी येईनच.

तुझी
मंजू

---

मोहघाट, ता. वडसा
६ ऑक्टोबर २००२

मंजू,

तुले अन् तुझ्या अमाईले आमचा रामराम.

तुझं पत्र मी आधी एकटा वाचलं, मंग तुझ्या वैनीले, प्रेमिलाले, वाचून दाखवलं. तिच्या ताटातला भात निवून गेला पन तिनं हात लावला नाई.

समाजमंदिरात सभा झाली. मी उभा राहून पत्र वाचलं. मंजू, लोक असे चूप होते का बाहेरची बकरी चरते तेबी आयकू येत होतं. आपल्या ढिवरटोलीतली पोरगी समुद्र ओलांडून गेली अन् तिथी लोकायचे जीव वाचवून राह्यली, हे मी सगळ्यायसमोर वाचलं. माही छाती अशी फुगली का सदऱ्याचे बटनं तुटतीन असं वाटलं.

पन भैयाजी उठले. ते आता आपल्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष हायेत. म्हने, "धनराज, पत्र आयकून माहाबी जीव कालवला. पन यंदा तलावाची लीज संपून राह्यली. नाटकाचा पैसा तिथी भरला नाई तं तलाव ठेकेदार नेईन. मंग मोहघाटच्या लेकरायसाठी कोन पत्र लिहीन? अन् कोनाले?"

तो मानूस खोटं नव्हता बोलत. मी खाली बसलो.

मंग त्यायनंच तोड काढली. "रातचं नाटक तलावाचं. पन स्टेज दुपारी रिकामा रायते. दुपारी गावातल्या पोट्ट्यायचं नाटक कर. त्याचं जे येईन ते तुझ्या बहिनीचं." लोक हासले. दुपारी नाटक कोन पाह्यते? मी म्हनलं, "करतो."

मुखरू टेलरनं एक नाटक लिहून ठेवलं हाये, 'नावाडीन'. नावाड्याची बाई विधवा होते अन् नवऱ्याचं वल्हं सोता हाती घेते, असं हाये. पोट्टे तयार झाले. तालीम आपल्या अंगनात चालू झाली. गोष्ट अडली ते एकाच जागी. नावाडीन कोन करीन? कंपनीची बाई फुकट येत नाई, अन् तिले पैसे देल्ले तं नावेले काय उरन? दंडारीच्या खेळात पोट्टे लुगडं नेसून नाचतात तसं करू म्हनलं, तं मुखरू आयकत नाई. म्हने, "लुगड्यातला पोट्टा पाहून लोक हासतीन, अन् मले रडवाचं हाये."

तिकिटाची गोष्ट प्रेमिलानं सुचवली. मंडईच्या टायमाले हातात पैसा नसते, पन नवा धान घरात येते. म्हनून तिकीट धानाचं. मानसी एक पायली.

तू येनार म्हनून घरात आतापासूनच गडबड हाये.

तुझा भाऊ
धनराज

---

न्खोताकोता
१ नोव्हेंबर २००२

भाऊ,

तुझं पत्र मी अमाईला तिच्या भाषेत वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "हे लोक श्रीमंत आहेत का?" मी म्हटलं, "नाही. मासे धरतात, धान लावतात." तिनं सरोवराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग त्यांना माझं दुःख बरोबर कळलं असेल."

भैयाजींना सांग, सभेत मी असते तर मीही तलावाचीच बाजू घेतली असती. त्यांच्यावर राग धरू नकोस.

रजा मंजूर झाली आहे! तिकीटही काढलं. डिसेंबरच्या वीस-एकवीस तारखेला नागपूरला उतरेन. वडशाला न्यायला ये.

आणि नावाडीण मिळत नाही म्हणून काय रडतोस? मोहघाटात बायका काय कमी आहेत? हवेत बोललेली पोकळ गोष्ट वाटली तर सोडून दे, पण गावातच शोध.

वहिनीला सांग, धानाच्या तिकिटाची गोष्ट ऐकून अमाई टाळ्या वाजवून हसली. तिच्या मते तुमच्या घरात डोकं वहिनीचं चालतं.

मंजू

---

मोहघाट
१ डिसेंबर २००२

मंजू,

तुझं पत्र आलं अन् घरात वाचल्याही गेलं.

मंडई २८ डिसेंबरले ठरली. नावाडीन मिळाली. कंपनीची नाई, जवळपासचीच हाये. पार्ट तिले पाठ हाये. मुखरू लय खूश हाये. तिच्याबद्दल बाकी काई विचारू नको.

धान कापून झाला. यंदा बरा हाये. मी सकायी नदीवर जातो ते दिवस बुडता येतो. तालमीत बसाले टाईम भेटत नाई. प्रेमिला बरी हाये. कामात रायते.

तू कधी येतं ते पक्कं कळव. पह्यल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवतो.

धनराज

---

न्खोताकोता
१५ डिसेंबर २००२

भाऊ,

हे पत्र तुला मंडईनंतर मिळेल, आणि तोवर मी आले नाही हे तुला कळलेलं असेल. ऐन वेळी रजा नामंजूर झाली. पाऊस सुरू झाला की इथे हगवणीची साथ येते, नर्स कमी आहेत. रागावू नकोस. वहिनीनं माझ्यासाठी काय काय करून ठेवलं असेल त्याचा विचार केला की घास उतरत नाही.

तुझं पत्र इतकं आखडतं का? नाटकाचं तर काहीच लिहिलं नाहीस. तब्येत बरी आहे ना?

त्या नावाडीण बाईंना माझा नमस्कार सांग. ओळख ना पाळख, दूरच्या लेकरांसाठी त्या फुकट उभ्या राहताहेत. अमाई रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करते. तिला त्यांचं नाव हवं आहे.

मंजू

---

मोहघाट
५ जानेवारी २००३

मंजू,

तू आली नाईस. वडशाच्या ठेसनावर मी दोन गाड्या पाह्यल्या. असो. साथ हाये तं तू तरी काय करशीन.

नाटक झालं. मंडईचं मैदान भरून गेलं. धानाचे पोते ठेवाले जागा नव्हती, समाजमंदिर उघडावं लागलं. वडशाच्या राईस मिलवाल्यानं सगळा धान घेतला. भाव चांगला देल्ला, कायले पाहिजे ते आयकून. नावेपुरतं झालं अन् जाळ्यालेबी उरन, असा हिशेब मुखरूनं केला. परदेशचा ड्राफ्ट नागपूरहून निंगते म्हने, म्हनून मी अन् मुखरू पुढच्या हप्त्यात जाऊन राह्यलो. अमाईच्या बँकेचा पत्ता तू लिहून पाठवलाच हाये.

रातच्या नाटकाचा पैसा सोसायटीत भरला. तलाव आपलाच राह्यला. तुझ्या खुर्चीवर भैयाजी बसले होते.

त्या बाईनं काम चांगलं केलं. लोक रडले. नाव सांगाले तिची ना नाई, पन माह्या हातून ते लिहून होत नाई. मंग कधी.

धनराज

---

न्खोताकोता
९ फेब्रुवारी २००३

भाऊ,

तुझं पत्र वाचून मी दवाखान्यात मोठ्यानं ओरडले. रुग्णांना वाटलं, बाईला विंचू चावला. मग मी अमाईकडे पळत गेले. तिनं सगळ्या लेकरांना अंगणात बोलावलं आणि मला तुझं पत्र पुन्हा वाचायला लावलं. धान म्हणजे काय, पोती म्हणजे किती मोठी, हे मला हातांनी दाखवावं लागलं. आता रोज संध्याकाळी ती 'मोहघाट-मोहघाट' खेळतात. एक जण नावाडीण होतो, बाकीचे पायलीनं माती आणून देतात.

एक नागपूरचे डॉक्टर गावी निघाले आहेत. त्यांच्याबरोबर अमाईनं एक कापड पाठवलं आहे. इथल्या बायका लुंगीसारखं कमरेला गुंडाळतात, लेकरूही त्यानंच पाठीला बांधतात. ते नावाडीण बाईंना दे. आणि भाऊ, आता तरी त्यांचं नाव लिही. अमाई म्हणते, नाव माहीत नसेल तर आभार कुणाचे मानायचे?

असं काय आहे त्या नावात, की तुझ्या हातून लिहून होत नाही?

मंजू

---

मोहघाट
१६ मार्च २००३

मंजूबाई,

तुमच्या वैनीचा नमस्कार. लग्न होऊन या घरात आली तवापासून मी हे पह्यलंच पत्र लिहून राह्यली. शाळा नववीत सुटली, अक्षर तिथीच राह्यलं. सांभाळून घ्या.

कापड पोहोचलं. निळ्यावर पिवळे मासे हायेत, लय सुंदर हाये. तुमच्या भावानं पारसल खोललं, कापड माह्या हातात देल्लं अन् म्हनले, "हे तुझं हाये. आता तूच लिही." म्हनून लिहून राह्यली. ते नावाडीन मीच होती, बाई.

तालीम आपल्या अंगनात चाले. मी चुलीपाशी पोट्ट्यायसाठी चहा ठेवो. आयकून आयकून सारं नाटक पाठ झालं. एक दिवस मुखरू नावाडीनीचं बोलनं वाचून दाखवत होता अन् त्याचा कागद उडाला. मी आतून पुढचं बोलून गेली. मुखरू दारात आला. म्हने, "वैनी, आनखीन एकदा म्हना." म्हनलं. त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले अन् गेला.

त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं. मोहघाटात बायका काय कमी हायेत, असं तुमी लिहिलं होतं. मले वाटलं, बाई मलेच बोलून राह्यल्या. जेवन वाढता वाढता मी तुमच्या भावाले म्हनलं, "तो पार्ट मी करीन."

ते म्हनले, "नाई."

मी म्हनलं, "काऊन?"

"बाजारात मासोळीचं टोपलं घेऊन बसतं तं कोनी काई म्हनत नाई. स्टेजवर गेली तं लोक तोंड सोडतीन. तुले म्हाइत नाई, नाटकातल्या बाईबद्दल लोक काय बोलतात ते. मी त्याच लोकायमंधी बसतो."

मंग माह्या तोंडून निंगून गेलं. म्हनलं, "तुमची बहीन समुद्र ओलांडून गेली तं तुमची छाती फुगते. तुमची बायको अंगनातून स्टेजवर गेली तं मान खाली काऊन जाते?"

ते ताटावरून उठले नाई, पन जेवलेबी नाई. त्या दिवसापासून बोलनं बंद. 'जा'बी नाई म्हनले अन् 'नको'बी नाई. सकायी जाळं घेऊन नदीवर जात, तालीम संपली का घरी येत. मले कधीकधी वाटे, सोडून द्यावं. मंग तुमच्या पत्रातलं आठवे, लेकरं एक वेळ जेवतात म्हनून, अन् मी उठून तालमीले जावो. खरं सांगू का बाई? लेकरायसाठी जात होती हे खरं. पन मले ते बोलनं बोलाले आवडत होतं, हेबी खरं.

मंडईच्या दिवशी शेजारच्या सोनीबाईनं मले लुगडं नेसवलं. नेसवता नेसवता म्हने, "बाहेर पाह्य एकदा." मी पडद्याच्या फटीतून पाह्यलं. बाया, बाई! जिकडे तिकडे बाया. रातच्या नाटकाले बायायले कोन आनते? लेकरं लहान, घरी कोन राहीन, रस्त्यानं कोन नेईन. दुपारचं नाटक म्हटल्यावर आजूबाजूच्या चार गावच्या बाया सुपात, टोपल्यात, पदरात धान बांधून, लेकरू कडेवर घेऊन आल्या होत्या. कितीक जनींनी जिंदगीत पह्यल्यांदाच नाटक पाह्यलं. पोते भरले ते त्यायच्या धानानं.

पडदा उघडला अन् मी सगळं इसरली. तोंडातून आवाजच निंगे ना. मुखरू बाजूनं सांगून राह्यला, तेबी आयकू ये ना. तवा समोर मांडी घालून बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हने, "घाई नको करू, बाई. आमी बसून हावो. बोल तू." लोक हासले, मीबी हासली, अन् मंग सुरू झाली ते थांबली नाई.

नावाडीन वल्हं हाती घेते तिथी मागच्या दोन-चार जनायनं शिट्टी मारली. एक जन म्हने, "कोन्या कंपनीची हाये रे हे?" हे मले आयकू नव्हतं आलं. सोनीबाईचा नवरा बिरजू तिथीच उभा होता, त्यानं मंग सांगतलं. तुमचे भाऊ नदीवरून तसेच आले होते. ओले कपडे, खांद्यावर जाळं. सगळ्यायच्या मांगं झाडापाशी उभे होते. कवापासून, ते कोनाले म्हाइत नाई. शिट्टीवाल्याकडे वळले अन् म्हनले, "कंपनीची नाई. माह्या घरची हाये."

हातापायी झाली नाई, आवाज वाढला नाई. तो पोट्टा खाली पाहून बसला. अन् हे लोकायतून वाट काढत पुढे आले, भैयाजीच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले. मांडीवर जाळं, अंगाले मासोळीचा वास. मले तवा दिसले. बाकीचं नाटक मी त्यायच्याकडे पाहूनच बोलली.

पडदा पडल्यावर भैयाजी काठी टेकत स्टेजवर चढले. मले वाटलं, आता काई तरी सुनावतात. लोकायकडे तोंड करून म्हनले, "सभेत मी तलावासाठी भांडलो, उद्याबी भांडीन. पन हे नाटक पाह्याचं राह्यलं असतं तं मले मरताना खटकलं असतं." अन् उतरून गेले.

घरी येता येता हे माह्या बरोबरीनं चालले. घर जवळ आल्यावर म्हनले, "उद्या बाजारात टोपलं घेऊन मी जातो. तू झोप." बाई, आपल्यात मासोळी इकाले गडी मानूस कधी बसला का? हे बसले. बाया हासल्या तं म्हने, "नावाडीन थकली हाये."

नाव लिहाचं त्यायले अजून जड जाते. लाज नाई वाटत, ते मले कळते. त्यायले वाटते, आपन आधी अडवलं, आता कोन्या तोंडानं मिरवाचं. तुमी त्यायले काई बोलू नका.

अमाईले सांगा, माहं नाव प्रेमिला हाये.

तुमची वैनी
प्रेमिला धनराज भानारकर

---

न्खोताकोता
२२ जून २००३

वहिनी,

तुम्हाला दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचं पत्र मी पहिल्यांदा एकटीनं वाचलं आणि ते चांगलं झालं, कारण मी वेड्यासारखी रडत होते.

ड्राफ्ट एप्रिलमध्ये पोहोचला. नाव इथल्याच सुतारांनी सरोवराच्या काठावर बांधली. लेकरं रोज शाळेतून येऊन तिच्याभोवती बसत. आठ दिवसांपूर्वी ती पाण्यात सोडली. गावातल्या बायका जमल्या. त्यांना तुमचं पत्र ऐकायचं होतं. अमाईनंच सगळीकडे सांगून ठेवलं होतं. मी त्यांच्या भाषेत सांगत गेले. 'बहीण समुद्र ओलांडून गेली तर छाती फुगते' या ठिकाणी आले आणि त्या बायकांनी जीभ हलवत असा आवाज काढला, की झाडावरचे पक्षी उडाले. इथे आनंद झाला की बायका तसाच आवाज काढतात. ते वाक्य त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं.

मग अमाई उठली. वहिनी, इथे बायका मासे वाळवतात, विकतात, नावेत बसत नाहीत. जुनी नाव इतकी वर्षं तिच्या घरची होती, पण अमाई कधी तीत बसली नव्हती. कापड खोचून ती पाण्यात उतरली आणि भावाला म्हणाली, "सरक." तो हसायला लागला. तिनं पुन्हा म्हटलं, "प्रेमिला उभी राहिली, तिला कुणी बुडवलं का? सरक." तो सरकला. ती नावेच्या पुढच्या टोकाला बसली आणि नाव आत गेली. काठावर लेकरं नाचत होती. परत आली तेव्हा पूर्ण भिजलेली, दोन्ही हातांत मासे, आणि तो आवाज! मोहघाटापर्यंत आला असेल.

लेकरं आता दोन वेळ जेवतात. मोठी चार जणं पुन्हा शाळेत जायला लागली.

तुम्ही मला तुमची गोष्ट सांगितलीत, तर माझीही एक ऐका. माझी रजा नामंजूर झाली नव्हती. डिसेंबरात लेकरांच्या घरातला मका संपला. पुढचा मका मार्चअखेर येणार होता. मी विमानाचं तिकीट परत केलं आणि त्या पैशांचा मका घेतला. भाऊला खरं लिहिलं असतं तर त्यानं काय विकून मला तिकीट पाठवलं असतं, कुणास ठाऊक. त्याला सांगू नका. वडशाच्या स्टेशनावर तो उभा होता, हे वाचून आजही मला झोप लागत नाही. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा मकाच घेईन.

तुमची
मंजू

---

मोहघाट
१६ नोव्हेंबर २००३

मंजू,

तुझ्या वैनीनं तुझं पत्र धानाच्या कोठीत लपवलं होतं. कोठी साफ करता करता मले भेटलं. वाचलं. तू तिले म्हनलं होतं सांगू नका, तिनं सांगतलं नाई. माह्याच हाती लागलं, तिच्यावर रागावू नको.

मीबी रागावलो नाई. ठेसनावर मी दोन गाड्या पाह्यल्या ते खरं. पन त्या दोन गाड्यायच्या बदल्यात चाळीस लेकरं तीन महिने जेवले, हे मले तवाच म्हाइत असतं तं मी तिसरी गाडीबी पाह्यली असती, अन् हासत घरी आलो असतो. भैयाजीले वाचून दाखवलं. ते मान हालवत राह्यले. मंग म्हने, "हे पोरगी कोनाची म्हनाची, धनराज? मोहघाटची का तिकडची?" मी म्हनलं, "दोन्हीकडची."

यंदाबी दुपारचं नाटक करून राह्यलो. गावानंच ठरवलं, मले इचारलंबी नाई. यंदा अमाईच्या लेकरायच्या शाळेसाठी. मुखरूनं नवं नाटक लिहिलं, अन् या वेळी त्याच्यात तीन बायायचे पार्ट हायेत. सोनीबाईबी हाये. तिचं बोलनं कमी हाये, पन तालमीत सगळ्यायत जोरात तेच बोलते.

आता खास गोष्ट सांगतो. परवा वडशाहून एका कंपनीचा मॅनेजर आला होता. पांढरा शर्ट, मोटरसायकल. गल्लीतले सारे पोट्टे त्याच्या मांगं. तो अंगनात बसला, मी पानी देल्लं. लय वेळ इकडचं तिकडचं बोलला. धान कसा झाला, तलावात मासोळी किती. मंग खाकरून म्हने, "धनराजभाऊ, गेल्या मंडईत दुपारचं नाटक पाह्यलं होतं मी. यंदा आमच्या नाटकात माईचा पार्ट हाये. तुमची परवानगी असन तं वैनीले न्यावं म्हनतो. येनं-जानं आमच्या गाडीनं, मानधन कंपनीच्या बायायइतकंच. तुमी हो म्हना, बाकी मी पाह्यतो."

मी त्याच्याकडे पाह्यलं. दारामांगं बांगड्यायचा आवाज थांबला होता.

म्हनलं, "मले काऊन इचारता? ते आत हाये. तिले इचारा."

तुझा भाऊ
धनराज